घर एक, ताटं वेगळी

ताई, दादा, आज तुमच्या घरच्या जेवणाबद्दल जरा मोकळेपणानं बोलू या. रामबागेतलं जुनं घर असो की राजेंद्र नगरमधला फ्लॅट, इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून अजून पुष्कळ ठिकाणी तीन पिढ्या एकत्र जेवायला बसतात. हे मोठं सुख आहे. पण या पंगतीत एक गफलत रोज होते. दीड वर्षाचं बाळ तोंड फिरवतं, तर आपण वाटी घेऊन त्याच्या मागे घरभर फिरतो. आणि पंचाहत्तरीच्या आजी "मला नको गं, भूकच नाही" म्हणाल्या, की "बरं" म्हणून पातेलं पुढे सरकवतो. माझं म्हणणं अगदी उलट आहे. बाळाचं "नको" ऐका. आजीचं "नको" इतक्या सहज ऐकू नका.

बाळ पहिल्या वाढदिवसाला जन्मावेळच्या साधारण तिप्पट वजनाचं होतं. पुढच्या सबंध वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमकं याच सुमाराला घराघरांतून "आमचा काहीच खात नाही" हे वाक्य सुरू होतं, समोर मोबाईल लावला जातो आणि घास कोंबले जातात. मूल खेळतंय, हसतंय, वजनाचा आलेख त्याच्या गतीनं चढतोय, तर त्याची भूक त्याला बरोबर कळते आहे. पडद्याकडे बघत गिळलेल्या घासांनी ती ओळख मोडते, आणि एकदा मोडली की परत यायला वेळ लागतो.

किती खायचं ते बाळानं ठरवावं, काय वाढायचं ते तुम्ही ठरवा. पोट इवलंसं असतं, म्हणून प्रत्येक घासात सत्त्व हवं. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण हवं. त्यावर तूप हवंच. आजोबांना डॉक्टरांनी तेल-तूप कमी करायला सांगितलं म्हणून सगळ्या घरानं ते बंद केलं, तर दोन वर्षांखालच्या बाळाला ते चालत नाही. मेंदूच्या वाढीला त्याला स्निग्ध पदार्थ लागतात. सहा महिने फक्त आईचं दूध, मग उष्टावण, ही आपली जुनी रीत आजच्या शास्त्राशी जुळते, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण तेव्हाच सरत आलेला असतो. मात्र गुटीतला मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातून होणारी विषबाधा क्वचित होते, पण बाळाच्या जिवावर बेतू शकते. वरून मीठ-साखरही वर्षभर नको, आणि साखर दोन वर्षांपर्यंत लांब ठेवता आली तर फारच चांगलं. इंदुरात बाळ रडलं की हातात सेव देतात, तेवढी सवय आजच सोडा.

शाळकरी वयाबद्दल फार सांगत नाही. डबा साधा आणि पोटभर असला, पाकिटं घरात कमी आली, की बरंचसं साधतं.

खरी काळजी दहा ते अठरा या वयाची आहे, त्यातही मुलींची. उंची झपाट्यानं वाढते, पाळी सुरू होते आणि लोहाची गरज एकदम चढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेल्या शिफारशीत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. याच वयात मुलगी सकाळी कपभर चहा पिऊन भंवरकुआंच्या क्लासला पळते आणि मधल्या वेळी कचोरी खाते. "खाते की ती!" असं आई म्हणते. पोट भरतं, पण रक्त भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमची मुलगी जिना चढताना दमत असेल, चिडचिडत असेल, तर "अभ्यासाचा ताण" म्हणून सोडू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. जेवणासोबतचा चहा बंद करा, तो लोह शोषू देत नाही. आणि लिंबू पिळा, ते शोषायला मदत करतं. आपल्या पोह्यांवर लिंबू असतंच. त्याच्या जोडीला मूठभर दाणे आणि मटकीची उसळ असली, तर उसळ-पोह्यांइतका सोयीचा नाश्ता मला दुसरा सुचत नाही.

आणि ताई, ही उसळ तुमच्याही ताटात असू द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं, ही सवय तुमच्या आईकडून तुमच्याकडे आली, ती तुमच्या मुलीकडे जायला नको. पाळी थांबली की लोहाची गरज उतरते, पण हाडं झपाट्यानं झिजू लागतात. म्हणून तेव्हा कॅल्शियम रोज १२०० मिलिग्रॅम लागतं, तरुणपणापेक्षा २०० जास्त. दूध, दही, ताक, नाचणी, तीळ आणि सकाळचं ऊन यांची पन्नाशीनंतर जास्त गरज आहे. दादांना एवढंच सांगते, विशीतली पोळ्यांची संख्या चाळिशीत खुर्चीवर बसून पचत नाही. पोषण संस्थेच्या त्याच शिफारशीत मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला २७१० किलोकॅलरी आहेत, बैठ्या कामाच्या पुरुषाला २११०. सहाशेंचा फरक आहे, आणि तो पोटावर दिसतो.

आता आजी-आजोबांकडे येते. हा सगळा खटाटोप मी मुख्यतः त्यांच्यासाठी मांडला आहे.

साठीनंतर पुरुषाला १७०० आणि स्त्रीला १५०० किलोकॅलरी पुरतात. भूक कमी होते हे म्हणून स्वाभाविकच. पण प्रथिनांची शिफारस मात्र साठीनंतरही उतरत नाही. ती वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम इतकीच राहते. म्हणजे पन्नास किलोच्या आजींना रोज चाळीस-एक ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि तीही आधीपेक्षा लहान ताटातून. आता त्यांचा दिवस बघा. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी दोन फुलके, अर्धी वाटी पातळ वरण, चमचाभर भाजी, थोडा भात. संध्याकाळी पुन्हा चहा आणि चिमूट-दोन चिमूट सेव. रात्री दुधात कुस्करलेला एक फुलका. मी असे हिशेब बसून केले आहेत. ते तीस ग्रॅमच्या आतच राहतात. अशा जेवणात स्नायू हळूहळू वितळतात. आधी खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, मग न्हाणीघरात तोल जातो. पडल्यावर आपण हाडाचा फोटो काढतो, पण कमकुवत मांड्यांकडे कुणी बघत नाही.

म्हणून आजींच्या ताटात जास्त वाढू नका, वेगळं वाढा. वरण घट्ट करा आणि वाटी पूर्ण भरा. दात नसतील तर दाणे कुटून द्या, उसळ मऊ शिजवून घोटून द्या. सकाळच्या टोस्टऐवजी मुगाचं धिरडं किंवा सातूचं पीठ दुधात कालवून द्या. दुपारी वाटीभर दही. घरात चालत असेल तर एक अंडं. पनीर मऊ असतं, ते सहज खाल्लं जातं. एका जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळेला थोडं थोडं असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणखी दोन गोष्टी वयाबरोबर गुपचूप बदलतात. एक, जिभेची चव मंदावते, म्हणून आजोबा भाजीवर वरून मीठ घेतात आणि पोह्यांवर जीरावनाचा थर देतात. जीरावनातलं काळं मीठ हेही मीठच. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, एवढीच मर्यादा आहे, आणि सेव, लोणचं, पापड त्यातच मोजायचे. चव आणायला लिंबू, आलं, जिरं, कोथिंबीर वापरा. दुसरं, तहान कळेनाशी होते. मे महिन्यात इंदूर तापतं, शरीर सुकत असतं, आणि आजोबा म्हणतात, "तहान नाही." त्यांना विचारत बसू नका. दर थोड्या वेळानं अर्धा पेला पाणी किंवा पातळ ताक हातात द्या.

ब-१२ जीवनसत्त्वाचीही आठवण ठेवा. शाकाहारी घरात ते मुळातच कमी मिळतं, ते दूध-दह्यातूनच काय ते येतं. म्हातारपणी जठरातलं आम्ल घटतं आणि अन्नातलं ब-१२ सुटून येत नाही. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर ते आणखी खालावतं. पायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा याला "वय झालं" म्हणण्याआधी रक्त तपासा.

सराफ्यातली रबडी, हिवाळ्यातला गराडू, रविवारची पोहे-जिलेबी यांवर माझा राग नाही. नातवंडांबरोबर आजोबांनीही ती खावी, मधुमेह असेल तर एक तुकडा. मला सलते ती सोमवार ते शनिवारची चहा-टोस्टवरची उपासमार.

घरात वजनकाटा असेल तर बाळाच्या वजनाइतकीच आजींच्या वजनाचीही दर महिन्याला नोंद ठेवा. पन्नास किलोच्या आजी काही प्रयत्न न करता सहा महिन्यांत अडीच किलोंनी उतरल्या, तर "बरं झालं, हलक्या झाल्या" म्हणू नका. आठवडाभर त्या काय काय खातात ते कागदावर लिहा, चालू गोळ्यांची यादी त्याला जोडा, आणि दोन्ही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या.