शेजारच्या विमानाची हवा

प्रश्न : सूर्यकिरण पथकाची विमाने एकमेकांना खेटून उडतात. मग विमानतळावर एकामागून दुसरे विमान सोडायला एवढा वेळ का लावतात?

उत्तर : पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि विमानामागे दोन भोवरे सुटतात. विमान जितके जड आणि संथ, तितके भोवरे जोरकस. एरवी ते दिसतही नाहीत, हीच खरी पंचाईत.

या भोवऱ्यांचा तडाखा कसा असतो ते पाहा. ८ जून १९६६ रोजी कॅलिफोर्नियात एक्सबी-७० या अजस्र बॉम्बफेकी विमानासोबत चार लहान विमाने उडत होती. कशासाठी? तर इंजिन कंपनीच्या जाहिरातीच्या फोटोसाठी! जो वॉकर हा कसलेला चाचणी वैमानिक एफ-१०४ घेऊन मोठ्या विमानाच्या उजव्या पंखाजवळ होता. त्याचे विमान पंखाला थडकले, तिथल्या हवेने उलटेपालटे होत मोठ्या विमानाच्या पाठीवरून फेकले गेले आणि जाताना त्याचे दोन्ही उभे शेपटीपंख उडवून गेले. वॉकर जागीच गेला. एक्सबी-७० मात्र काही सेकंद सरळ उडत राहिले, मग गरगरत कोसळले. त्यातला सहवैमानिकही वाचला नाही.

सूर्यकिरणची हॉक विमाने एकाच जातीची, जागा ठरलेल्या, सराव कसून केलेला. प्रवासी विमानांत तसे नसते. जड विमान उडाले की त्यामागच्या हलक्याला साधारण दोन मिनिटे थांबवतात. तेवढ्यासाठी केबिन क्रूवर चिडू नका.