एफटीएक्स : बाजारातला तोटा की चोरी?

प्रश्न : बाजार पडल्यामुळे एफटीएक्स बुडाले, मग मालकाला तुरुंग कशासाठी? माझ्या भावाचे तिथे अडकलेले बिटकॉइन परत मिळतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एफटीएक्स हे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या खरेदी-विक्रीचे व्यासपीठ नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळले ते केवळ बाजार पडल्याने नव्हे. ग्राहकांच्या ठेवी अलामेडा रिसर्च या संलग्न कंपनीकडे वळवल्या होत्या; तिचे खाते उणे शिल्लकेत गेले तरी चालावे, अशी सोय थेट संगणकप्रणालीतच केलेली होती. ही सरळ चोरी. म्हणूनच संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड यांना मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

परतावा दिवाळखोरी प्रक्रियेतून मिळतो, पण दिवाळखोरी अर्जाच्या दिवशीच्या, म्हणजे ११ नोव्हेंबर २०२२ च्या भावाने. नंतरची तेजी धरली जात नाही, आणि ग्राहकांना हेच सर्वाधिक बोचते. दावा वेळेत दाखल झाला असल्यास परताव्याची आशा धरता येते. ‘शुल्क भरा, पैसे सोडवतो’ म्हणणारा मात्र भामटाच समजावा.