हक्कसोडपत्राविषयी पुतण्यास पत्र

चि. श्रीधर,

तुझे पत्र पोचले. आजोबांच्या पश्चात वारसाची वर्दी देण्याचे काम तू अंगावर घेतलेस याचे समाधान वाटले. परंतु ‘दोन्ही आत्या राजीखुशीने हक्कसोडपत्र करून द्यायला तयार आहेत’ असे जे तू सहज लिहून गेलास, त्यापाशी मी थबकलो.

अन्याय म्हटला की दंडेली आणि कोर्टकज्जे डोळ्यांपुढे येतात. पण जो अन्याय भाऊबीजेच्या ओवाळणीआडून आणि बहिणीवरील खऱ्याखुऱ्या मायेतूनच घडतो, तो करणाऱ्यास दिसत नाही आणि सोसणारीस बोलून दाखवता येत नाही. आपल्या भावकीचे जुने सातबारे एकदा काढून वाच. कब्जेदार सदरी भावांची नावे, कित्येकदा एकट्या थोरल्याचेच आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी अक्षरे. बहिणी असल्याच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, आणि पुढच्या एखाद्या फेरफाराने तिथूनही कमी झालेल्या.

कायदा तू शिकतोच आहेस. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि संसदेने 2005 मध्ये वडिलार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीस आणले, आणि हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निःसंदिग्ध सांगितले. एवढे होऊनही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत काय घडते? गाडी पाठवून बहिणीला आणवतात, दस्तावर अंगठा नाहीतर सही घेतात, आणि साडीचोळी देऊन तिची बोळवण करतात. ती नाही म्हणत नाही, कारण उद्या नवऱ्याशी बिनसले, दुखणे आले, तर पाठ टेकायला माहेराखेरीज तिला दुसरी जागा नसते, आणि ते माहेर राखण्याची किंमत म्हणून ती आपला हिस्सा मोजून देते. ‘लग्नात खर्च केला’ हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. तो पैसा मांडवात आणि व्याह्यांच्या मानपानात गेला, तिच्या नावे त्यातले काय राहिले? शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत आपल्याच मुलखातल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या, तेव्हा हे आपल्या रीतीत बसत नाही असे कोणी मला सांगू नये.

म्हणून माझे सांगणे असे, की हक्कसोडीचा मसुदा बाजूला ठेव आणि तलाठ्याकडे वर्दी देताना तुझे वडील (दादा), मी आणि दोघी आत्या, अशी चौघांची नावे कब्जेदार सदरी लावण्याचा अर्ज कर. जमिनीचा आजचा भाव आणि प्रत्येकीच्या वाट्याला येणारे क्षेत्र आत्यांना कागदावर मांडून दाखव, तेही त्यांच्या घरी जाऊन, आपल्या ओसरीवर बोलावून नव्हे. दादा प्रथम रागावेल. त्याच्याशी मी बोलतो. आत्यांनाही निराळी पत्रे आजच टाकली आहेत.

तुझा,
काका