टीका ऐकताना : प्रज्ञा आणि निवाडा



घरातील देव्हारा निघाला, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, की बोलणारे बोलू लागतात. गावाकडची आत्या म्हणते, "देव सोडलेत, आता घराचं वाटोळं होईल." शेजारी म्हणतो, "धर्म बदलला म्हणून जात जाते काय?" आणि विहारातील वडीलधारे उपासक म्हणतात, "वंदनेला बसतोस, पण तोंडाला दारूचा वास येतो." तिन्ही बोल सारखेच झोंबतात. परंतु तिन्ही सारखे आहेत काय? याचा विचार आपण केला पाहिजे.

दीघनिकायातील पहिले सुत्त ब्रह्मजाल सुत्त होय. भगवान भिक्खुसंघासह राजगृहाहून नालंदेकडे चालले होते. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म व संघ यांची निंदा करीत येत होता. त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त मात्र त्यांची स्तुती करीत होता. अंबलट्ठिकेच्या मुक्कामी भिक्खूंमध्ये याची चर्चा झाली. तेव्हा भगवंतांनी जे समजावले त्याचा आशय असा : कोणी निंदा केली म्हणून रागावू नका. रागावलात तर नुकसान तुमचेच होईल, कारण रागावलेल्या माणसाला समोरचा खरे बोलतो की खोटे हेच कळत नाही. जे खोटे असेल ते खोटे का आहे, हे कारणे देऊन उलगडून सांगा. आणि कोणी स्तुती केली तरी हुरळून जाऊ नका.

प्रज्ञा आणि निवाडा यांतील फरक येथे दिसतो. प्रज्ञा विचारते, "हे खरे आहे काय?" निवाडा विचारतो, "हा कोण मला सांगणारा?" निवाड्याचे दुसरेही एक रूप आहे. माणूस स्वतःलाच दोषी ठरवून बसतो : "मी कसला बौद्ध! माझ्याने हे होणार नाही." ही नम्रता नव्हे. दुसऱ्यावर चिडणे आणि स्वतःला हिणवणे, दोहोंतही तपास थांबतो आणि सुधारणा राहून जाते.

आता ते तीन बोल पाहू. आत्याचे बोलणे खरे नाही, पण ते भीतीतून आले आहे. तिचा उपहास करू नये. आपले घर शीलाने नीट चालले, की तिची भीती हळूहळू ओसरते.

शेजाऱ्याचे बोलणे अपमानाचे आहे. राग आवरणे म्हणजे अपमान गिळणे नव्हे. "हे खोटे आहे, आम्ही मान्य करीत नाही," असे शांतपणे, पण स्पष्ट सांगावे. जात काढून चारचौघांत जाणूनबुजून अपमान होत असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० मध्ये बौद्धांचाही समावेश झाला असल्याने धर्मांतरामुळे त्याचे संरक्षण जात नाही. तक्रार करायलाही डोके थंड लागते. संतापात झालेल्या हाणामारीने आपलीच बाजू लंगडी पडते.

उपासकांचे बोलणे मात्र खरे आहे. ते चारचौघांत बोलले, कठोर बोलले, म्हणून खोटे ठरत नाही. पाचवे शील आपण स्वतः घेतले आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दोष दाखवणाऱ्या शहाण्या माणसाला धम्मपदात पुरलेले धन दाखवणाऱ्याची उपमा दिली आहे. अशा माणसाशी वैर धरले तर धन तसेच मातीत राहील.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. या पंधरवड्यात कोणाचे बोल लागले, ते प्रत्येकाने सांगावे. त्यात खरे किती, खोटे किती, आणि खऱ्यासाठी उद्यापासून काय बदलायचे, हे ठरवावे. त्या वेळी बायको नवऱ्याला किंवा लेक बापाला काही सांगू लागली, तर तिला मध्येच तोडू नये. प्रज्ञेची पहिली परीक्षा घरातच होते.

भवतु सब्ब मंगलं.