कुळथाच्या दाण्यातील राखणदार

देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारपट्टीच्या गावांतून भाताची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरण्याची प्रथा जुनी आहे. कुळथाची पिठी हे तर मालवणी घरातील नित्याचे अन्न. या लहानशा दाण्यात निसर्गाने स्वसंरक्षणाची जी योजना केली आहे, ती समजून घेतल्यास बियाणे राखण्यास व आहार सुधारण्यास साहाय्य होईल.

प्रथिनाचे स्वरूप

कुळथाच्या बीजात पाचक विकरांना अडविणारे एक प्रथिन असते. ते ‘बोमन-बर्क’ वर्गातील निरोधक होय. सोयाबीनमधील अशा प्रथिनावर बोमन यांनी १९४६ मध्ये व बर्क यांनी १९६१ मध्ये केलेल्या संशोधनावरून हे नाव पडले. कुळथातील या प्रथिनाच्या प्रमुख प्रकाराची साखळी ७६ अमिनो आम्लांची असून गंधकाच्या सात दुव्यांनी ती घट्ट बांधलेली असते. तिची एक बाजू ट्रिप्सिनला व दुसरी कायमोट्रिप्सिनला जखडून ठेवते. परिणामी या विकरांवर अवलंबून असलेल्या अळीला खाल्लेले अन्न नीट पचत नाही व तिची वाढ खुंटते.

जनुक सर्वत्र, प्रथिन बीजात

एका अमिनो आम्लासाठी जनुकात तीन अक्षरे लागतात. म्हणजे या साखळीचा आराखडा अवघ्या २२८ अक्षरांत मावतो. हा आराखडा मूळ, पान, फूल अशा सर्व भागांतील पेशींत असतो. तरीही प्रथिन मुख्यत्वे बीजातच साठते, याचे कारण जनुकाच्या आरंभापूर्वीच्या नियंत्रक भागात आहे. शेंगवर्गीय पिकांच्या बीज-जनुकांत या भागी सी-ए-टी-जी-सी-ए असा अक्षरक्रम वारंवार आढळतो. दाणा भरू लागला की नियामक प्रथिने तेथे जोडली जातात आणि जनुक कार्यान्वित होते.

टोमॅटो व बटाट्याच्या पानांत कीड लागल्यानंतर निरोधक तयार होतात, असे ग्रीन व रायन यांनी १९७२ मध्ये दाखविले. पानाला ते शक्य आहे. वाळलेल्या दाण्याला मात्र हल्ला झाल्यावर नवे प्रथिन बनविता येत नाही. म्हणून त्याची शिदोरी आधीच बांधलेली असते.

मर्यादा व दक्षता

हे संरक्षण अभेद्य नाही. घाटेअळी आपले विकर बदलून निरोधकावर मात करू शकते; म्हणून निरनिराळ्या वनस्पतींचे निरोधक पाळीपाळीने वापरणे आवश्यक असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. साठवणीतील भुंगेऱ्यांचे पचन तर बहुतांशी वेगळ्याच विकरांवर चालते. यास्तव बियाणे कडक उन्हात वाळवून, ओलावा दहा टक्क्यांखाली आणून हवाबंद ठेवणेच श्रेयस्कर.

हाच निरोधक माणसाच्या पचनातही अडथळा आणतो. कुळीथ भिजविणे, मोड आणणे व नीट शिजविणे यांमुळे त्याचा प्रभाव बराच घटतो. गुरांनाही कुळीथ शिजवून घालण्याची कोकणातील रीत या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हटली पाहिजे. शालेय आहारात कुळथाचा समावेश करताना शिक्षकांनी आणि गावात बियाण्याची साठवण करताना पंचायतींनी या गोष्टी ध्यानी घेतल्यास या पिकाचा खरा लाभ घरोघरी पोहोचेल.