मोरी आधी, ठिबक मग

नाचणगाव
चैत्र वद्य पंचमी

चि. सागर यास मामाचा आशीर्वाद.

ठिबकचा संच आणायला तू पुलगावला निघालास, असं तुझी आई म्हणाली. दोन दिवस थांब. हीच घाई मी केली होती. न्हाणीचा पाइप सरळ नळीला जोडला आणि पंधरा दिवसांत एकही ड्रिपर ठिबकेना. नळी कापली तर आत राखाडी, बुळबुळीत गर. साबण, केस, भांड्यांचं तेल.

म्हणून आधी मोरी बघ. तुम्ही पाच माणसं. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर धरलं, तर संडास वगळून रोज दीडशे लिटर तरी बाहेर पडतं. बारा झाडं सहज जगतील. संडासाचा पाइप मात्र वेगळाच ठेव, तिथे तडजोड नाही. स्वयंपाकघराचं पाणी आधी लहान हौदात थांबव, तेल वर तरंगेल, ते काढता येईल. मग सगळं पाणी वाळू-गिट्टीच्या चरातून जाऊ दे. चरात कर्दळ लाव. मळ खाणारे जिवाणू तिच्या मुळांशीही वाढतात. गाळलेलं पाणी दिवसाच्या आत संपव. आपल्या वैशाखात ते दुसऱ्या दिवशी नाकाजवळ नेववत नाही.

आता दाब. बहुतेक ड्रिपरला एक किलोचा दाब लागतो, म्हणजे टाकी दहा मीटर उंच हवी. तुझा ड्रम दोन मीटरवर. मोटर आणि फिल्टर घेण्यापेक्षा ड्रिपरच्या जागी मायक्रोट्यूब लाव. थेंब मोजून पडणार नाहीत, पण तुंबणंही कमी. नळीचं शेवटचं टोक आठवड्याला उघडून धूत जा.

खरी काळजी मला मातीची आहे. धुण्याच्या पावडरीतलं सोडियम आपल्या काळ्या मातीचे कण सुटे करतं. वर पापडी धरते, पाणी मुरत नाही. धुण्याचं पहिलं पाणी झाडांना देऊच नकोस, शोषखड्ड्यात सोड. नांदेडकडच्या टेंभुर्णीने अशा खड्ड्यांनीच गावातल्या नाल्या आणि डास घालवले. पावसाळ्यात ठिबक बंद ठेव, मातीतला खार धुऊन निघेल. केळी, सीताफळ लाव. लिंबाला खार सोसत नाही. कोथिंबीर, पालक या पाण्यावर नकोच.

गिट्टी माझ्या अंगणात उरली आहे. रविवारी बंडी घेऊन ये. येताना आईला विचार, धुण्याला कोणती पावडर वापरते.

तुझा मामा