ट्रोपोनिन वाढले, तरी हार्ट अटॅक नाही?

प्रश्न : वडिलांना किडनीचा जुना आजार आहे. छातीत जडपणा वाटला म्हणून ॲडमिट केले. ट्रोपोनिन ५२ आले, तीन तासांनी ५४. डॉक्टर म्हणतात, अटॅक नाही. मग आकडा वाढलेला का?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते; ती इजा कशाने झाली, हे मात्र ते सांगत नाही. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी या चाचणीत साधारण १४ नॅनोग्रॅम प्रति लिटरपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. किडनीच्या जुन्या रुग्णांत तो एरवीही चढलेलाच असतो. हार्ट फेल्युअर, फुप्फुसातली गुठळी, रक्तातला जंतुसंसर्ग यांतही तो वाढतो.

म्हणूनच दुसरा नमुना घेतात. अटॅकमध्ये आकडा काही तासांत ठळकपणे चढतो किंवा उतरतो. वडिलांचा जवळपास जागच्या जागी आहे. त्याला ईसीजी आणि लक्षणांची जोड देऊनच डॉक्टरांनी निदान केले असणार. ईसीजीत काही बदल होते का, हे त्यांना जरूर विचारा.

हा रिपोर्ट फाइलमध्ये जपा. पुढच्या वेळी तुलनेला लागेल. दुखणे पुन्हा उठले, घाम फुटला किंवा धाप लागली, तर मात्र घरी न थांबता थेट इमर्जन्सी गाठा.